जागेचे रंग टाइलवर : हाताने रंगवलेल्या सिरॅमिक टाइल्स कशा कराव्यात

डोंगर, समुद्र किंवा एखादी जुनी वास्तू मनात धरून टाइल्स रंगवायला बसलं की पहिला मोह होतो तो अख्खं दृश्य रंगवण्याचा. तो आवरावा. हातभर रुंदीच्या पॅनेलवर डोंगराचं हुबेहूब चित्र काढलं तर लोक ‘छान चित्र आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. पण त्या डोंगराचे चार-पाच रंग आणि त्यांचं आपसातलं प्रमाण नेमकं उचललं, तर साध्या पट्ट्या आणि चौकोनांतूनही ती जागा ओळखू येते. खरी मेहनत या प्रमाणावर घ्यायची आहे.

इराणमधल्या इस्फहानच्या शेख लुत्फुल्ला मशिदीचा (बांधकाम १६०३ ते १६१९) घुमट पाहा. त्यावर निळ्या-फिरोजी रंगांची वेलबुट्टी आहे, पण घुमटाचा मोठा भाग फिकट मातकट आहे, आसपासच्या कोरड्या जमिनीच्या रंगाचा. माती जास्त आणि निळा थोडा, म्हणून तो निळा इतका खुलतो. ग्वाल्हेरच्या मानमंदिर महालातही असंच आहे. वालुकाश्माच्या प्रचंड भिंतीवर निळ्या टाइल्सचे पट्टे, मध्ये पिवळी बदकं आणि हिरव्या केळी. रंगांचा एवढा खेळ असूनही भिंतीवर राज्य दगडाच्या रंगाचंच आहे.

आधी पद्धत ठरवा

भट्टी उपलब्ध असेल तर सुरुवात करणाऱ्याने अंडरग्लेझची वाट धरावी. ग्लेझ म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. एकदा भाजलेल्या पण ग्लेझ न दिलेल्या, म्हणजे बिस्क टाइलवर अंडरग्लेझ रंगांनी रंगवायचं, वर पारदर्शक ग्लेझ द्यायचा आणि पुन्हा भाजायचं. रंग ग्लेझच्या थराखाली सुरक्षित राहतो, चूक ओल्या स्पंजने पुसता येते आणि बारीक रेषाही टिकते. भट्टी स्वतःची असण्याची गरज नाही. बरेच कुंभारकाम स्टुडिओ बाहेरचं काम भाजून देतात. मात्र त्यांच्या भट्टीचं तापमान कळल्याशिवाय टाइल, रंग आणि ग्लेझ घेऊ नका. तिन्ही गोष्टी एकाच तापमानाच्या हव्यात.

माजोलिका ही जुनी आणि देखणी रीत आहे. त्यात कथिलामुळे पांढऱ्या झालेल्या कच्च्या ग्लेझवर थेट रंगवतात. ग्लेझची पूड रंग क्षणात शोषून घेते, त्यामुळे फटकारा मागे घेता येत नाही. हात बसल्यावर जरूर करून पाहा.

भट्टी नसेल तर बाजारातल्या चकचकीत टाइलवर ओव्हनमध्ये पक्के होणारे पोर्सिलेन रंग वापरता येतात. रंगवून चोवीस तास सुकवायचं, टाइल थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तो सुरू करायचा आणि बाटलीवर लिहिलेल्या तापमानाला, बहुतेक रंगांसाठी सुमारे १५० अंश सेल्सिअसला, सांगितलेला वेळ ठेवायचं. हे काम शोभेच्या कोरड्या भिंतीपुरतंच धरा. सतत पाणी, घासणी आणि पावलं यांना ते टिकत नाही.

रंग जागेवर जाऊन टिपा

फोटोवरून रंग घेण्यात मोठी गफलत होते, कारण कॅमेरा पांढरा रंग आपल्या हिशेबाने बदलतो. फोटो काढायचाच असेल तर चौकटीत एक कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येते. पण रंग जुळवायचे ते जागेवरच.

फ्रेंच रंगतज्ज्ञ जाँ-फिलिप लाँक्लो यांनी गावोगावच्या घरांचे रंग असेच नोंदवले. माती, गिलावा, उडालेल्या रंगाचे पापुद्रे असे नमुने गोळा करायचे आणि त्यांच्याशी जुळणारे रंग कागदावर तयार करायचे. या कामाला त्यांनी ‘रंगांचा भूगोल’ म्हटलं. आपल्याला त्याची छोटी आवृत्ती पुरते.

राखाडी पुठ्ठ्याला एक सेंटिमीटरचं भोक पाडा. एक डोळा मिटून, हात लांब करून त्या भोकातून दृश्याचा एकेक भाग पाहा. हा साधा पुठ्ठा डोळे उघडतो. झाडीचा डोंगर ‘हिरवा’ असं आपण गृहीत धरलेलं असतं. भोकातून तोच डोंगर निळसर राखाडी दिसतो, कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश लांबच्या गडद रंगांवर निळी झाक चढवतो. चुन्याच्या भिंतीवरची सावलीही राखाडी नसते. तिच्यावर आकाशाचा प्रकाश पडत असल्याने ती निळसर असते. हे रंग टाइलवर आले की हवा आणि ऊन आपोआप येतं. डोंगराला बाटलीतला हिरवा दिला की दोन्ही जातं.

दिसलेला रंग तिथल्या तिथे पोस्टर कलरमध्ये मिसळा, कागदाच्या तुकड्यावर लावा आणि सुकल्यावर तुकडा दृश्यासमोर धरून ताडून पाहा, कारण ओला रंग फसवतो. शेजारी वेळ आणि ऊन-सावली लिहा. सकाळचा दगड आणि संध्याकाळचा दगड एका पॅनेलमध्ये मिसळू नका. एकच वेळ निवडा.

मग डोळे किलकिले करून पूर्ण दृश्य पाहा. तपशील पुसट होतात आणि रंगांचे मोठे गठ्ठे उरतात. वीस सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्टीवर हे गठ्ठे प्रमाणात मांडा. समजा, मातकट भिंत अकरा सेंटिमीटर, सावलीचा निळसर चार, आकाशाचा फिकट तीन, लाकडाचा गडद तपकिरी दीड, आणि खिडकीच्या गजांचा हिरवा जेमतेम अर्धा. ही पट्टी कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा. पुढे प्रत्येक शंकेचं उत्तर तिच्याकडून घ्यायचं.

पाचपेक्षा जास्त रंग घेऊ नका, आणि सगळ्यात भडक रंगाला सगळ्यात कमी जागा द्या. एका रंगातही किती करता येतं ते पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकावर दिसतं. जॉर्ज कोलासो यांनी तिथे सुमारे वीस हजार टाइल्सवर जी भव्य चित्रं केली, त्यांतली मुख्य चित्रं केवळ निळ्या-पांढऱ्यात आहेत. सगळं अंतर आणि उजेड निळ्याच्या दाट-विरळपणातून येतो.

चाचणीची टाइल

घाईत हीच पायरी गाळली जाते आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. भाजण्याआधीचा रंग आणि नंतरचा रंग यांचं नातं डोळ्यांना कळत नाही. निळा देणारं कोबाल्ट ऑक्साइड कच्चं असताना काळं दिसतं. तांब्याचा रंग ग्लेझनुसार बदलतो: अल्कलीचं (सोडा, पोटॅश) प्रमाण जास्त असलेल्या ग्लेझमध्ये फिरोजी, इतर बऱ्याच ग्लेझमध्ये हिरवा. लोखंड मधाळ पिवळ्यापासून गंजाच्या तपकिरीपर्यंत जातं, मँगनीज जांभळट तपकिरी देतं. तयार अंडरग्लेझ बरेच भरवशाचे असतात, पण तेही ग्लेझखाली गडद होतात. क्रोमियमचा हिरवा आणि जस्त असलेला ग्लेझ एकत्र आले तर हिरवळीची तपकिरी माती होऊ शकते. ग्लेझ विकत घेताना त्यात जस्त आहे का, हे विचाराच.

प्रत्येक रंगाचे तीन पट्टे ओढा: एक हात, दोन हात, तीन हात. त्याखाली दोन रंगांची मिश्रणं करा, तीनास एक, एकास एक, एकास तीन. अर्ध्या टाइलला ग्लेझ द्या, अर्धी तशीच सोडा. मागे अंडरग्लेझनेच क्रमांक लिहा, कारण मार्करची शाई भट्टीत जळून जाते. भाजून आलेली टाइल घेऊन पुन्हा त्या जागी जाता आलं तर जा, नाहीतर कागदी तुकड्यांशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवा. पहिल्या फेरीत सगळे रंग क्वचितच जुळतात. दुसरी चाचणी धरूनच वेळेचा अंदाज करा.

रंगवणं

बिस्क टाइलवरची धूळ ओल्या स्पंजने टिपून घ्या आणि सुकू द्या. हाताचं तेल किंवा क्रीम लागलं तर नेमक्या त्या जागी ग्लेझ सुटतो, म्हणून टाइल कडेने धरा.

सगळ्या टाइल्स एका फळीवर, सांध्यांची खरी जागा सोडून मांडा. दोन-तीन मिलिमीटरची ही फट विसरली तर भिंतीवर तिरक्या रेषा जुळत नाहीत. मागे क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण काढा. आराखडा साध्या पेन्सिलीने काढला तरी चालतो, पेन्सिलीतलं ग्राफाइट भट्टीत जळून जातं. एकच नक्षी अनेक टाइल्सवर हवी असेल तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कारागिरांची युक्ती वापरा: ट्रेसिंग कागदावरच्या रेषांवर सुईने जवळजवळ भोकं पाडा, कागद टाइलवर धरा आणि कोळशाची पूड भरलेली पुरचुंडी वरून हलकेच थोपटा. कागद उचलला की ठिपक्यांची नक्षी उमटलेली असते.

बिस्क पाणी झपाट्याने पितं. ब्रश अर्धा कोरडा असेल तर फटकारा मध्येच तुटतो, म्हणून ब्रश रंगाने भरलेला ठेवा. सपाट रंगासाठी दोन-तीन हात द्या. आधीच्या हाताची ओली चमक गेली की पुढचा हात आडव्या दिशेने द्यायचा. दूरचे डोंगर आणि आकाश मात्र पाणी घालून विरळ केलेल्या एकाच हातात करा. तिथे ब्रशच्या खुणा दिसल्या तर त्या राहू द्या, हाताने केलेल्या कामाचं सौंदर्य त्यातच आहे. फिकट रंग आधी, गडद नंतर. दगडांच्या सांध्यांसाठी, जाळीसाठी रंग सुकल्यावर सुईने ओरखडून खालची टाइल उघडी करा. गडद रंगाने काढलेल्या रेषेपेक्षा ही रेषा जास्त जिवंत दिसते.

कोरड्या पुडी हाताळताना बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ग्लेझच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना कायमचा अपाय करते.

ग्लेझ आणि भट्टी

पारदर्शक ग्लेझ चांगला ढवळून, गाळून घ्या. थर पोस्टकार्डाच्या जाडीचा पुरे. जाड झाला तर रंग दुधाळ दिसतात आणि कोबाल्टच्या रेषा पसरतात. ब्रशने ग्लेझ देताना खालचा रंग पुसला जाण्याची भीती वाटत असेल तर रंगवलेल्या टाइल्स आधी एकदा भाजून घ्या. मागची बाजू आणि कडांचा खालचा भाग स्पंजने स्वच्छ करा, नाहीतर टाइल भट्टीच्या फळीला चिकटते.

मातीच्या टाइल्ससाठी ग्लेझची भाजणी साधारण १,००० ते १,०६० अंशांना होते. टाइल सपाट असल्याने तिची कड मधल्या भागाच्या आधी तापते आणि आधी निवते. ५७३ अंशांजवळ मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, तेव्हा हा फरक तडा पाडू शकतो. म्हणून तापवणं आणि निववणं दोन्ही सावकाश हवं, आणि भट्टी १०० अंशांच्या बरीच खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. भट्टी चालू असताना खोलीत हवा खेळती ठेवा.

ग्लेझ आक्रसून टाइल उघडी पडली असेल तर कारण बहुधा धूळ किंवा तेल. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या तर ग्लेझ त्या मातीपेक्षा जास्त आकुंचन पावतोय. अशा वेळी भाजणीशी झगडू नका, ग्लेझ बदला.

भिंतीवर लावताना

टाइल्स आधी जमिनीवर मांडा आणि ज्या भिंतीवर लावायच्या तिथल्याच उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली सावलीचा निळा मरतो. तसं झालं तर दिवा बदलण्याचा विचार करा.

सांधे भरायच्या ग्राउटचा रंग शेवटी घाईत ठरवला जातो, हे चुकीचं आहे. पांढरा ग्राउट चित्राचे चौकोनी तुकडे करतो. कागदी पट्टीवरच्या सगळ्यात मोठ्या रंगाच्या जवळचा, किंचित गडद ग्राउट घेतला तर सांधे मागे सरतात आणि रंग सलग वाहतो. उरलेल्या टाइलवर तो आधी लावून, पुसून पाहा. चिरा असलेल्या ग्लेझमध्ये ग्राउटचा रंग शिरतो आणि नंतर निघत नाही. हाताने रंगवलेल्या या मातीच्या टाइल्स भिंतीपुरत्याच वापरा. जिथे बर्फ पडतं तिथे त्या घराबाहेर लावू नका, कारण सच्छिद्र मातीत मुरलेलं पाणी गोठताना टाइल फोडतं. प्रत्येक रंगाच्या दोन टाइल्स जास्तीच्या भाजून क्रमांकासह ठेवून द्या, दुरुस्तीला नेमका तोच रंग पुन्हा मिळत नाही.