गोव्यातल्या म्हापसा-फोंड्यात घर बघताना: भाडे, हप्ता आणि सह्या

घर परवडेल की नाही हे भाड्याच्या आकड्यावरून ठरवू नका. भाडे, देखभाल शुल्क, वीज, टँकरचे पाणी आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च अशी महिन्याची बेरीज करा. पर्वरीत नळाला पाणी किती तास येते ते घरमालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. साखळी-डिचोलीकडे भाडे कमी असले तरी रोज पणजीला जायचे असेल तर शेवटच्या बसची वेळ आधी बघा.

भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदवावा लागतो. किनाऱ्याजवळ एक मेख असते: पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की खोली रिकामी करायला सांगतात. म्हणून दोन्ही बाजूंची नोटीस मुदत, अनामत परत करण्याची मुदत आणि वाढीची टक्केवारी करारातच लिहून घ्या. वीज मीटर वेगळा नसेल तर युनिटचा दरही लिहा. राहायला येण्याच्या दिवशी मीटरचा आकडा आणि भिंतींचे फोटो काढून ठेवा. घर शक्यतो पावसाळ्यातच बघावे. दिवाळीआधी रंग लावला की ओल झाकली जाते, आणि ती जुलैत पुन्हा वर येते.

विकत घ्यायचे तर आधी कर्जाचा हिशेब. ४० लाखांच्या फ्लॅटवर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२ लाख देते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता सुमारे २७,७७० रुपये पडतो. दर एका टक्क्याने चढला तर दोन हजारांच्या आसपास वाढतो. उरलेले ८ लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकिलाची फी आपल्याच खिशातून जाते. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर लागत नाही. दर नेहमी कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढून बघा, कारण जिना, लॉबी धरून मोजलेले सुपर बिल्ट-अपचे चौरस मीटर ऐकायला मोठे वाटतात.

गोव्यात खरा घोळ मालकीत होतो. इथल्या नागरी कायद्यानुसार स्थावर मालमत्ता विकायला नवरा-बायको दोघांची संमती लागते. जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांची आणि त्यांच्या जोडीदारांचीही सही हवी. परदेशातल्या एका भावाची सही राहिली तरी व्यवहार अडकतो. विकणाऱ्याकडे वारसाहक्काचा दस्त किंवा इन्व्हेंटरी प्रक्रियेचा (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टातल्या प्रक्रियेचा) आदेश मागा. मग एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) नोंदले आहेत का ते बघा. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे, त्याला सहज हलवता येत नाही. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामूहिक मालकीच्या जुन्या संस्थेची निघाली तर वकिलाशिवाय एक पैसाही देऊ नका. सनद (शेतजमीन घरबांधणीसाठी वापरायची परवानगी), नगर नियोजन खात्याची मंजुरी आणि उपनिबंधकाकडचा बोजा-मुक्त दाखला हे कागदही तपासा.

प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर किंवा आठहून जास्त सदनिकांचा असेल तर रेरा क्रमांक, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय ताबा घेतला तर वीज जोडणी आणि घरपट्टी आपल्या नावावर करताना खेटे पडतात, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला बँक कर्ज देत नाही.