व्हीलचेअर तलवारबाजीत हात का थकतो? या चुका टाळा

पूलमधली, म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीतली, पाच टचची (पाच अचूक वारांची) बाउट, म्हणजे लढत, छान जाते. बाद फेरीत मात्र पंधरा टच गाठायचे असतात: तीन-तीन मिनिटांची तीन सत्रं, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. दुसऱ्या सत्रात पात्याचं टोक खाली येऊ लागतं, बचाव उशिरा लागतो. बाजूला उभे असलेले सर म्हणतात, "मनगट कमी पडतंय." दुसऱ्या दिवसापासून डंबेल्स वाढतात. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

थकवा हातात शोधणं

या खेळात खुर्ची फ्रेमला घट्ट बांधलेली असते. पाय मागे घेऊन वार चुकवायची सोय नाही. अंतर कमी-जास्त करायचं ते फक्त धडानं, आणि तेही आसनावरून न उठता. पुढे झेपावलेलं शरीर मागे खेचायचं काम पाठीचे रुंद स्नायू, पोटाचे तिरके स्नायू आणि खुर्ची धरणारा दुसरा हात करतात. हे दमले की झेप अपुरी पडते. ती भरून काढायला खेळाडू खांदा ताणतो, आणि मग हात जड होतो.

खात्री करायची असेल तर बाजूनं मोबाइलवर शूटिंग करा. पहिलं आणि तिसरं सत्र शेजारी ठेवून दोनच गोष्टी पाहा: झेपेत खांदे कुठवर पुढे जातात, आणि वार झाल्यावर धड किती लवकर सरळ होतं. परतायला वेळ लागत असेल तर दोष मनगटाचा नाही.

इटलीच्या बेबे व्हिओचा खेळ यासाठी जरूर पाहावा. तिचं फॉईल (तलवारीचा एक प्रकार) कृत्रिम हाताला जोडलेलं असतं, त्यामुळे बोटांची आणि मनगटाची कारागिरी नाहीच. तरी रिओ आणि टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ब गटाचं (अपंगत्वानुसार पडणाऱ्या गटांपैकी एक) वैयक्तिक सुवर्ण तिचंच होतं.

सगळ्यांना एकच व्यायाम

अ गटातल्या खेळाडूचा बसताना तोल चांगला असतो. ब गटात धडावरचा ताबा किंवा शस्त्राचा हात कमजोर असतो. धडावर ताबा कमी असेल तर खुर्ची धरणारा हात हाच मुख्य आधार. त्याची पकड आणि ओढण्याची ताकद स्वतंत्रपणे वाढवावी लागते. अ गटाचा तक्ता तसाच उचलून देणं हा त्या खेळाडूवर अन्याय आहे.

खांद्याला सुट्टी आहे असं समजणं

सराव नसला तरी चाकं ढकलणं, रॅम्प चढणं, पलंगावरून खुर्चीत येणं हे खांद्यालाच करावं लागतं. म्हणून ढकलण्याचे व्यायाम कमी आणि ओढण्याचे जास्त ठेवा: रबर बँडनं रोइंग, खांदा बाहेर फिरवण्याचे हलके सेट. रात्री खांदा दुखून झोपमोड होत असेल तर सराव थांबवून फिजिओथेरपिस्टकडे जा.

घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबणं

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल, तर कितीही दम लागला तरी हृदयाचे ठोके नेहमीइतके वाढतीलच असं नाही. मानेच्या पातळीवरच्या इजेत ते बऱ्याचदा ११० ते १३० च्या पुढे जात नाहीत. घड्याळ 'हलका व्यायाम' म्हणतं आणि खेळाडू मात्र पार थकलेला असतो. त्याला शून्य ते दहात किती कष्ट पडले ते विचारा आणि ते लिहून ठेवा.

पाणी टाळणं

याबद्दल फार कमी बोललं जातं. हॉलमध्ये खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नसतं, म्हणून खेळाडू सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात जाड जॅकेट आणि मास्क. शिवाय मज्जारज्जूला इजा असेल तर तिच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, म्हणजे अंग थंड व्हायचा मार्गच बंद. आयोजकांकडे स्वच्छतागृहाची मागणी आधीच करा. दोन बाउटच्या मध्ये मास्क काढा, जॅकेट उघडा, मानेवर ओला टॉवेल ठेवा, चेहऱ्यावर पाण्याचा फवारा मारा.

प्रत्येक अस्वस्थता थकवाच समजणं

मज्जारज्जूला वरच्या पातळीवर इजा असलेल्या खेळाडूचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. बाउट लगेच थांबवा. त्याला ताठ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलं आहे का, मूत्राशय भरलं आहे का ते पाहा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. आडवं झोपवू नका. त्यानं रक्तदाब आणखी चढतो.