आधी स्टँडबाय, मग प्रायमरी

पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम सुरू करून चारेक महिने झाले होते. रात्री ११ चं काम, नोंद एका ओळीची: मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील) १०० चे ३०० करा, रीस्टार्ट द्या. प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, दिला. सगळं ठीक. पाच मिनिटांत रिपोर्टवाल्यांचा फोन, स्टँडबाय (प्रायमरीची सतत जुळवली जाणारी प्रत) बंद! लॉगमध्ये कारण स्वच्छ होतं: इथे १००, प्रायमरीवर ३००, हॉट स्टँडबाय, म्हणजे प्रत जुळवत असतानाच तिथे क्वेरी चालवणं, चालणार नाही. तेव्हा आमच्याकडे आवृत्ती १३ होती. १४ पासून स्टँडबाय अशा वेळी लगेच बंद पडत नाही, रिकव्हरी, म्हणजे प्रायमरीचे बदल स्वतःवर लावणं, तेवढी थांबवतो.

डॉक्युमेंटेशनला शिव्या घालायला बसलो, तर तिथे सगळं होतं. स्टँडबायची व्हॅल्यू प्रायमरीइतकी किंवा जास्त हवी, हे त्या सेटिंगखालीच. वाढवताना आधी स्टँडबाय आणि कमी करताना आधी प्रायमरी, हा क्रम मात्र हॉट स्टँडबायच्या प्रकरणात. रात्री ११ ला दुसरं प्रकरण कोण उघडतंय?

म्हणून टीमसाठी सेटिंग्जचं पान मीच लिहायला घेतलं. पहिला मसुदा म्हणजे मॅन्युअलची नक्कल. सिनियर म्हणाले, ‘हे वाचायला मला तुझी गरज नाही.’ लागलं, पण खरं होतं. मग प्रत्येक सेटिंगपुढे एवढंच लिहिलं: कुठल्या सर्व्हरवर बदलायचं, आधी कुठे, रीस्टार्ट लागतो की रीलोडवर (सर्व्हर बंद न करता सेटिंग्ज पुन्हा वाचणं) भागतं, आणि चुकलं तर काय दिसतं. रीस्टार्टचं उत्तर पीजी सेटिंग्ज या डेटाबेसमधल्याच व्ह्यूच्या (तक्त्याच्या) कॉन्टेक्स्ट कॉलममध्ये मिळतं: पोस्टमास्टर असेल तर रीस्टार्ट, सिगहप असेल तर रीलोड. एककही त्याच व्ह्यूत बघा.

एकक तर हमखास चुकतं. वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद, ती सेगमेंट नावाच्या फाइलींत राहते; स्टँडबायसाठी ती किती राखायची, याचं एक सेटिंग असतं. १३ मध्ये वॉल कीप सेगमेंट्स जाऊन वॉल कीप साइझ आलं. जुन्या फाइलीत ६४ होते. कुणीतरी नाव बदललं, आकडा तसाच ठेवला. आधीचे ६४ सेगमेंट म्हणजे, नेहमीच्या १६ एमबीच्या हिशेबाने, १०२४ एमबी. नवीन ६४ म्हणजे फक्त ६४ एमबी. सर्व्हर बिनतक्रार चालू होतो. स्लॉट (स्टँडबायला लागणारं वॉल पुसू न देणारी प्रायमरीवरची सोय) नसेल आणि स्टँडबाय थोडा जास्त वेळ मागे पडला, की त्याला हवी असलेली वॉल फाइल प्रायमरीवरून पुसली गेलेली असते. आमच्या पानावर हा हिशेब मी मांडून ठेवलाय.

‘चुकलं तर काय दिसतं’ हे मात्र वाचून लिहू नका. लॅपटॉपवर ५४३२ आणि ५४३३ पोर्टवर दोन इन्स्टन्स उभे करा, मुद्दाम मोडा. मी स्लॉट बनवून स्टँडबाय बंद केला, प्रायमरीवर पीजीबेंच (लोड टाकणारं टूल) सोडलं आणि पीजी वॉल फोल्डर फुगताना बघत बसलो. स्लॉटसाठी किती वॉल राखायचं ते ठरवणारं मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ मुळात उणे १ असतं, म्हणजे मर्यादाच नाही. डिस्क ९० टक्क्यांवर गेल्यावर घाबरून स्लॉट काढून टाकला. ती कमांड आता पानात सगळ्यात वर आहे.