आई-वडिलांसोबत धंदा काढताय? या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात गेली 18 वर्षं मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. मुलगा किंवा मुलगी आणि सोबत निवृत्त आई-वडील, अशी मंडळी महिन्यातून एकदा तरी समोर येऊन बसतात. दुकान सुरू झालेलं असतं आणि काउंटरवर क्यूआर कोड लागलेला असतो वडिलांच्या बचत खात्याचा.

"दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता, खातं नंतर उघडू." हे ऐकलं की मला वर्तकनगरचं एक फरसाणाचं दुकान आठवतं. बाप-लेकाने मिळून काढलेलं, चाललंही छान. पेन्शन, विक्री, घराचं वीजबिल, नातीची फी, सगळं एकाच खात्यात. मी दोनदा बजावलं. मुलगा म्हणाला, "काका, बाबांचं ते माझंच ना?" तिसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर वडील गेले. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी नाही. बँकेने व्यवहार थांबवले. जांभळी नाक्याच्या व्यापाऱ्याचे बेसन-तेलाचे पैसे त्यातच अडकले. वारस म्हणून सही करायला बहीण आली आणि तिने विचारलं, "यात बाबांचं किती आणि दुकानाचं किती?" प्रश्न रास्त होता, उत्तर कुणाकडेच नव्हतं. तीन वर्षांच्या नोंदी वेगळ्या करायला मला 15 दिवस लागले. बहीण-भाऊ बोलतात अजून, पण पूर्वीसारखं नाही.

तेव्हापासून दुकानाचं चालू खातं उघडल्याशिवाय मी वही हातात घेत नाही. धंदा एकाच्या नावावर असेल तर गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद) आणि उद्यम (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) करून बँकेत जा. उद्यमला सरकारी फी नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

दोघं भागीदार असाल तर करारनामा हवाच. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा आणि कामाचा पगार कुणालाच नाही. म्हणजे पहाटे पाचला कढई चढवणारा मुलगा आणि संध्याकाळी तासभर गल्ल्यावर बसणारे वडील, दोघांना निम्मं-निम्मं. वडिलांचं नाव नुसतं मानासाठी भागीदार म्हणून घालू नका. फर्मचं कर्ज थकलं तर त्यांच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतं.

मला सगळ्यात जास्त खटकते ती आईच्या मजुरीची चूक. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुली चकलीचा भाव काढतात तेव्हा भाजणी, तेल, गॅस, डबा सगळं धरतात. आईचे हात शून्य रुपयांचे. भाव स्वस्त म्हणून ऑर्डरी वाढतात, आईचे गुडघे जातात, मग मदतीला बाई ठेवली की प्रत्येक किलोमागे तोटा. पहिल्या दिवसापासून आईच्या तासांना, तुमच्या भागात पोळ्या करणाऱ्या मावशी घेतात तो दर लावा आणि महिनाअखेरीस तिच्याच खात्यात भरा. तास मी आईलाच कालनिर्णयवर लिहायला सांगतो. दोन महिन्यांत खरा भाव कळतो. ज्यांना दोन महिने धीर धरवत नाही त्यांनी निदान आईला तरी यात ओढू नये.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली ठेव भांडवलासाठी मोडू नका. वर्षाच्या आत मोडली तर व्याज नाही, दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात.

वडिलांनी पैसे दिलेच तर ते कर्ज की भांडवल, हे त्याच दिवशी लिहा. कर्ज असेल तर चेकनेच. 20,000 किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे.

गिऱ्हाईकासमोर वडिलांनी सांगितलेला भाव खोडू नका. दरपत्रक गल्ल्याजवळ चिकटवा.

आणि कागद करायला एकटे येऊ नका, दोघांना घेऊन या. करारनामा मी आधी त्यांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवतो, त्यांच्या शंका संपल्या की मगच सह्या.