डॉक्टरचा कागद असूनही अपंगत्व पेन्शनचा दावा का फसतो? या चुका टाळा

सोयाबीन विकून झालं, की आमच्या ओसरीवर माजी सैनिकांच्या फायली येऊ लागतात. मी फौजेत क्लर्क होतो, तेवढ्यावर गावानं मला वकील करून टाकलं आहे. येणारा बहुतेक वेळा दर्यापूर, अंजनगाव, मोर्शीकडचा कोणी नायक नाहीतर हवालदार. हातात प्लास्टिकच्या थैलीत वीस-पंचवीस कागद, आणि वाक्य ठरलेलं : "भाऊ, डॉक्टरनं लिहून देल्लं ना जी, मंग काहून देत नाहीत?"

लिहून दिलेलं असतंच. पण सरकारनं विचारलेला प्रश्न एक आणि कागदातलं उत्तर भलत्याच प्रश्नाचं.

दाव्यात प्रश्न दोन असतात. आजार किंवा इजा सैन्यसेवेमुळे झाली का, किमान सेवेमुळे वाढली का, हा पहिला. अपंगत्व किती टक्के, हा दुसरा. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांचं मंडळ बसतं, त्याच्या कागदावर पहिल्या प्रश्नासाठी 'अ‍ॅट्रिब्युटेबल' (सेवेमुळे झालेला) आणि 'अ‍ॅग्रॅव्हेटेड' (सेवेमुळे वाढलेला) असे रकाने असतात. दोन्हीत 'नो' पडलं, की टक्के तीस असोत की साठ, पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग मिळत नाही. दावे मरतात ते पहिल्या प्रश्नावर, आणि आपली माणसं पुरावे गोळा करत बसतात दुसऱ्याचे.

जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र हे त्याचंच उदाहरण. एका काकांनी गुडघ्यासाठी चार खेटे घालून ४५ टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र मिळवलं आणि ते जोडून अपील केलं. कागद खरा, शिक्का खरा. पण ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं. त्यात ४० टक्क्यांची रेघ महत्त्वाची, आणि गुडघा कशानं गेला हे त्यात कुठंच नसतं. एसटीच्या सवलतीला ते चालेल. पेन्शनसाठी टक्के सैन्याचा बोर्ड ठरवतो, आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला तिथं किमान २० टक्के लागतात. अपील फेटाळलं गेलं तेव्हा काका माझ्यावरच चिडले, कारण वाईट बातमी मी वाचून दाखवली होती.

आता खरी चूक, जी मला जवळजवळ प्रत्येक फायलीत दिसते. डॉक्टरनं सैन्याचे कागद पाहिलेलेच नसतात. पेशंट सांगतो, 'सायेब, बीपी फौजेतच लागलं', आणि डॉक्टर तेच लेटरहेडवर उतरवून देतात. त्या पत्राला पेशंटच्या बोलण्यापेक्षा जास्त वजन येणार कुठून? त्यात शेवटी 'सेवेशी संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं असलं तर कल्याणच. शक्यता तर उद्या पाऊस पडण्याचीही नाकारता येत नाही. डॉक्टरला खरंच तसं वाटत असेल, तर 'संबंध असण्याची शक्यता जास्त आहे' असं स्पष्ट लिहावं आणि खाली कारणं द्यावीत.

म्हणून क्रम उलटा करा. डॉक्टरकडे जाण्याआधी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं तुमचे सेवेचे कागद असतात, माहिती अधिकारात अर्ज टाका. फी दहा रुपये. मागायचं ते नावानिशी मागा : मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, मिलिटरी हॉस्पिटलच्या केसशीट, आणि पोस्टिंगची तारीखवार यादी. इजा असेल तर इंजुरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे सैन्यातल्या चौकशीचे कागदही. 'माझे सर्व कागद द्यावेत' असा अर्ज केला तर सहसा एक पानाचं उत्तर येतं.

हे कागद घेऊन स्पेशालिस्टकडे जा. हृदयाचं दुखणं असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, कानाचं असेल तर कानवाला. मग नागपूरच्या मेडिकलचा असो की सेवाग्रामचा. गावातल्या फॅमिली डॉक्टरचा हात कितीही गुणाचा असला, तरी बोर्डात स्पेशालिस्टचं मत असतं. समोर तसंच मत ठेवावं लागतं.

त्या पत्रात काय असावं, हे एका उदाहरणानं सांगतो. समजा शिपाई दोन वर्षं काश्मीरमधल्या कुपवाड्याला होता, मग पुण्याला बदली झाली आणि पुण्याच्या वार्षिक तपासणीत बीपी सापडलं. बोर्ड लिहितो : सुरुवात पीस स्टेशनला (शांत भागातल्या ठाण्याला), सबब सेवेशी संबंध नाही. सैन्याच्या डॉक्टरांसाठी पेन्शनच्या कामाची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात बीपी आणि हृदयविकाराबाबत फील्ड, अतिउंचावरचा भाग आणि दहशतवादविरोधी ड्युटी यांना महत्त्व आहे; हृदयविकारात तर झटक्याआधीच्या १४ दिवसांत माणूस काय काम करत होता हे पाहतात. तेव्हा तज्ज्ञानं लिहावं, की मी अमुक तारखांचे कागद पाहिले, भरतीच्या वेळी रक्तदाब एवढा होता, कुपवाड्याहून आल्यावर किती महिन्यांत तो वाढलेला आढळला, हा आजार लक्षणं न दाखवता आधीपासून असू शकतो, म्हणून 'सापडला' ती तारीख आणि 'लागला' ती तारीख एक धरता येत नाही. बोर्डाचं कारण घेऊन त्यालाच उत्तर. आजाराचं नावही बोर्डाच्या कागदावर आहे तेच ठेवा. तिथं एक आणि इथं दुसरं निदान झालं, की दोन आजार समजले जातात.

आणि डॉक्टर म्हणाला, 'कागद पाहून मला संबंध दिसत नाही', तर ऐकून घ्या. तीन दवाखाने फिरून हवं ते लिहून आणलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

कोर्टाच्या निकालांबद्दल चावडीवर अर्धंच बोललं जातं. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं मानायचं, सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही, आणि बोर्डानं कारणं दिली पाहिजेत. त्याच वर्षीच्या वीर पाल सिंग निकालात आलं, की वैद्यकीय तज्ज्ञांच्या मताचा मान राखावा, त्याची पूजा करू नये. पण २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात मानसिक आजाराबाबत न्यायालयानं बोर्डाच्या मताला मोठं वजन दिलं, कारण असा आजार भरतीच्या वेळी सापडेलच असं नाही. म्हणजे फक्त धरमवीरचा झेरॉक्स जोडून काम होत नाही. बोर्डानं एका ओळीत 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे शरीरप्रकृतीतला आजार एवढंच म्हटलं असेल तर धरमवीर कामाचा. सविस्तर कारणं दिली असतील तर तुमच्या तज्ज्ञाला तेवढंच सविस्तर लिहावं लागेल.

नियमही निवृत्तीच्या तारखेवर बदलतात : १९८२ चे, २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे वेगळे. शेजाऱ्याच्या अपिलाची नक्कल मारू नका. तो २००५ ला सुटला आणि तुम्ही २०२४ ला, तर त्याचा मुद्दा तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

उशिराबद्दल थोडक्यात. नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तिथं नकार आला तर दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. जुन्या प्रकरणातही दार बंद होत नाही, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते. २००८ च्या नियमांत तर निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला की सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो.

टक्क्यांचं भांडण मात्र बहुतेक वेळा फुकट असतं. ब्रॉड बँडिंग, म्हणजे टक्के वरच्या ठरावीक टप्प्यावर धरण्याची पद्धत, लागू असेल तर ५० च्या आतले टक्के ५० धरतात, आणि २०१४ च्या राम अवतार निकालानंतर ते पूर्ण मुदतीनं निवृत्त झालेल्यांनाही मिळू लागलं. शेवटचा पगार ४०,००० असेल तर १०० टक्के अपंगत्वाला पगाराचे ३० टक्के, म्हणजे १२,०००. ५० टक्क्यांना ६,०००. तुमचे ३० चे ४० करून घ्यायला दोन हजारांची तपासणी केली आणि दोन्हींचे झाले ५०, तर काय मिळवलं? ते पैसे पहिल्या प्रश्नावर खर्च करा.

अजून नोकरीत असलेल्या पोरांसाठी एक. बोर्डाच्या फॉर्मवर तुमचं स्वतःचं निवेदन असतं : दुखणं कधी, कुठं सुरू झालं, कशामुळे वाटतं. घरी जायची घाई असते, तिथं 'काही सांगायचं नाही' लिहून सही ठोकतात. दहा वर्षांनी तीच सही समोर येते.

जुने कागद जपताना लॅमिनेशनवाल्याकडे पळू नका. ईसीजीची पट्टी उष्णतेनं काळी पडणाऱ्या कागदावर असते. वरुडकडच्या एका भाऊंनी कारगिलच्या थंडीतली आपली पहिली पट्टी मोठ्या हौसेनं लॅमिनेट करून आणली होती. प्लास्टिकच्या आत नुसता काळा पट्टा. आधी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, आणि मूळ पट्टी साध्या लिफाफ्यात ठेवा, टिनाच्या पेटीत नको, उन्हाळ्यात ती तापते.