बॉयलरचा नॉक्स उतरवायचा तर आधी हवा, मग युरिया

नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड. ते उतरवायला पुण्याहून कोराडी, परळीच्या औष्णिक वीजकेंद्रांत ट्यूनिंगला, म्हणजे बॉयलरची हवा-कोळसा जुळवायला, जाणाऱ्यांनी सुरुवात मोजमापापासून करावी. धुरातला ऑक्सिजन इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या) आउटलेटला, ग्रिड आखून अनेक बिंदूंवर मोजा. पुढच्या एअर प्रीहीटरनंतर (तिथे धुराने जळणाची हवा तापते) गळतीची हवा मिसळते नि आकडा फसवा येतो. नॉक्सच्या पीपीएमला (दहा लाखांत किती भाग) २.०५ ने गुणून मिलिग्रॅम काढा, मग ६ टक्के ऑक्सिजनवर आणा. ३५० पीपीएम, ऑक्सिजन ४.५ टक्के: गुणाकार ७१८; हवेतल्या २१ टक्क्यांतून ६ वजा केले की १५, ४.५ वजा केले की १६.५; ७१८ गुणिले १५ भागिले १६.५, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ६५२ मिलिग्रॅम.

मग कोळसा दळणारी मिल. २०० मेशच्या चाळणीतून ७० टक्के भुकटी गेलीच पाहिजे आणि बर्नरकडे भुकटी नेणाऱ्या कोलपाइपांतला प्रवाह सारखा हवा. हे न करता हवा कापलीत, तर एक कोपरा उपाशी राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) उसळतो.

आता ऑक्सिजन ०.२ टक्क्यांनी उतरवा, अर्धा तास थांबा, सीओ आणि फ्लायॲशमधला (धुरासोबत उडणाऱ्या राखेतला) न जळलेला कार्बन बघा. सीओ चढू लागला की एक पायरी मागे या. नंतर ओव्हरफायर एअरचे (बर्नरच्या वर सोडायच्या हवेचे) डॅम्पर हळूहळू उघडा. बर्नरपाशी हवा कमी पडली की कोळशातला नायट्रोजन बराचसा साध्या नायट्रोजन वायूतच परततो. मात्र तिथेच वॉटरवॉल (भट्टीची पाण्याच्या नळ्यांची भिंत) गंजते, स्लॅग म्हणजे वितळलेली राख धरते. शटडाउनमध्ये नळ्यांची जाडी मोजायलाच हवी.

तरीही नॉक्स ठरवून दिलेल्या मर्यादेत आला नाही, तरच तो तोडायला युरिया. फवारा साधारण ८५० ते ११०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यातच पडावा. थंड जागी पडला तर अमोनिया निसटतो, धुरातल्या सल्फर ट्रायऑक्साइडशी जुळून एअर प्रीहीटर चोंदतो.