सफाईच्या कामाला पहिली अर्धवेळ मदतनीस टिकत नव्हती: काय केल्यावर टिकली

घरसफाईचा छोटा व्यवसाय, जळगाव. लक्षण एकच: सुरुवातीला वेळेवर, मग खाडे, मग फोन बंद. पगार वाढवला, उचल दिली, ओळखीतून माणूस आणला, तरी तेच. मनस्ताप फार झाला.

अडचण महिन्याच्या ठोक पगारात होती. काम कधी दोन तासांचं, कधी पाच तासांचं; रिक्षाभाडं ताईंच्याच पदरचं.

सुटलं ते या क्रमाने. आधी घड्याळ लावून एक टू बीएचके स्वतः साफ केला, खोलीगणिक मिनिटं लिहिली. त्यावरून कामागणिक दर काढला, रिक्षाभाडं वेगळं. मग पैसे देऊन चाचणी: एक बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा. हात वरून खाली चालतो का आणि संडासचं फडकं ओट्याला लागतं का, एवढंच पाहायचं. नंतर फडक्यांचे रंग ठरवले. लाल फक्त संडासला. पहिला महिना पैसे त्याच दिवशी, पुढे दर शनिवारी.

पहिल्याच दिवशी बाटल्या हातात देऊन दोन गोष्टी शिकवाव्यात. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर काढायला ॲसिड घेतात, ते शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये. तो चुनखडीचा दगड, ॲसिडने खाल्ला जातो. आणि टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीचिंग पावडर कधीच मिसळायची नाही, क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जिवावर बेततो.

उन्हाळ्यात वेळ सकाळी 7 ते 11 ठेवा. मे महिन्यात दुपारची कामं घेतली की खाडे पुन्हा सुरू होतात.